तिन्ही काढली होती

दुपारी बारा वाजता लाईट जाणार आणि आठ-दहा दिवस येणार नाही, ही बातमी सिरसाळ्यात सगळ्यांत आधी जालिंदरच्या घरात आली. यायलाच हवी होती. जालिंदर चौतीस वर्षं वायरमन होता, त्याचा मुलगा अनिल सबस्टेशनवर ऑपरेटर, आणि धाकटा भाऊ धुळाजी तर एकोणीस वर्षांपूर्वी लाईनवरच शॉक लागून गेला. या घरात विजेचं कौतुक कुणालाच नव्हतं, पण तिच्यावाचून कुणाचं चालतही नव्हतं.

अनिल सलग दोन पाळ्या करून सकाळी घरी आला तेव्हा त्याचे डोळे तांबारले होते. अंगणात उभ्या उभ्याच त्यानं काय झालं ते सांगितलं. वरच्या मोठ्या कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी बाहेरून शिरलं होतं. कुठल्या देशातून ते अजून कळलं नव्हतं. दोन दिवस सगळं थोडं थोडं बंद-चालू करत ओढलं, आता सगळंच बंद करून एकेक गाव हातानं चालू करायचं ठरलं होतं.

त्यासाठी लाईनमननी प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, म्हणजे डीपीतले, फ्यूज काढून ठेवायचे होते. चिनीमातीच्या त्या पांढऱ्या फ्यूजांना लाईनवरची माणसं किटकॅट म्हणतात. "सगळा लोड एकदम आला तर परत बसंल सगळं," अनिल म्हणाला, आणि दारातच बसून बूट काढायला लागला.

त्याची बायको दीपमाला सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं पुढचं काही विचारलं नाही. पदर खोचला आणि कामाला लागली. टाकी काठोकाठ भरली, हंडे, बादल्या, कूलरची टाकीसुद्धा भरून घेतली. गिरणी बंद पडणार म्हणून पायलीभर ज्वारी सकाळीच दळून आणली. फ्रीजमधलं दूध आटवायला ठेवलं. मेणबत्त्या, काड्यापेट्या, गोळ्या एका डब्यात घातल्या. घर आठ दिवस कसं चालवायचं हे तिला बरोबर कळत होतं. कळत नव्हतं ते एकच, सासूचा श्वास कसा चालवायचा.

सिंधुबाईंची फुप्फुसं कोरोनानंतर कामातून गेली होती. आतल्या खोलीत त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनची मशीन दिवसरात्र घरघरायची. इन्व्हर्टरवर ती जेमतेम तीन तास चालत असे. अंबाजोगाईला हलवावं म्हणून दीपमालानं फोन लावून पाहिले, तर तिकडं व्हरांड्यातही जागा उरली नव्हती. तीन तासांनंतर काय, या प्रश्नाचं उत्तर अनिलनं येतानाच टेम्पोत घालून आणलं होतं. परळीहून आणलेला जनरेटर, आणि पेट्रोलचे दोन कॅन.

आता भांडणाचं काही कारण उरलं नव्हतं. पण घरच असं होतं की कारण नसलं तर ते शोधून काढायचं.

जालिंदर खाटेवरून उठून जनरेटरभोवती एक फेरी मारून आला. मग त्यानं विचारलं, "घराला कसा जोडणार?"

"जोडतो की. उलटी पिन करून," अनिल म्हणाला.

उलटी पिन म्हणजे एक सोपा आणि वाईट धंदा. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना लावायच्या. एक जनरेटरमध्ये खुपसायची, दुसरी घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. सगळ्या घरात करंट खेळतो, पंखा, मोटार, फ्रीज, सगळं चालतं. फक्त आधी मेन स्विच पाडावा लागतो. नाही पाडला, तर तोच करंट मीटरमधून उलटा बाहेर पडून गावाच्या लाईनवर चढतो.

या घरातला मेन पडतच नव्हता. चार वर्षांपूर्वी जळाला, तेव्हा अनिलनं वायरी थेट जोडून टाकल्या होत्या. उद्या बदलू, परवा बदलू. वायरमनच्या घराचा मेन कोण तपासायला येतो?

"न्हाई जोडायचा," जालिंदर म्हणाला.

अनिलनं शांतपणे समजावलं. लाईन आणि जनरेटर अलग ठेवणारा चेंजओव्हर स्विच परळीत मिळाला नाही, लोकांनी दुकानं पुसून नेली. लांब वायरही मिळाली नाही, नाहीतर मशीनपर्यंत वेगळी ओढली असती. राहिली लाईन, ती तर बारानंतर मेलेलीच आहे. जालिंदरनं सगळं ऐकून घेतलं आणि परत तेच म्हणाला, घराला जोडायचा नाही.

"मग अत्याबाईचं कसं करायचं, मामा?" दीपमालानं विचारलं. सासऱ्यांशी ती सहसा वर तोंड करून बोलत नसे.

जालिंदर माळ्याकडं बघत होता, आणि ते दीपमालाच्या लक्षात राहिलं.

माळ्यावर त्याची जुनी हत्यारांची पिशवी होती. रिटायर झाल्यावर त्यानं ती स्वतः वर टाकली होती, आणि सात वर्षांत कुणाला हात लावू दिला नव्हता. तिच्यात तीस मीटर चांगली जाड वायर होती, मशीनपर्यंत सहज पुरली असती. जालिंदरला हे सकाळपासून आठवत होतं. वायरीच्या खाली काय आहे, तेही आठवत होतं. आपली बायको आत मोजके श्वास घेतेय आणि आपण एका पिशवीपायी गप्प उभे आहोत, हे कळून त्याला स्वतःची किळस आली. तरी तो बोलला नाही. एकोणीस वर्षं न बोलण्याची सवय एका सकाळीत कशी मोडणार?

साडेदहाच्या सुमाराला आदिनाथ आला. नांदूरघाटचा हा लाईनमन चार महिन्यांपूर्वीच इथं बदलून आला होता. अनिलभाऊंना जयभीम घालून त्यानं पाणी मागितलं. धुळाजीची बायको सुभद्राबाई तांब्या घेऊन बाहेर आली. आदिनाथनं सांगितलं, बारा वाजले की शाळेकडून सुरुवात करतो, तुमची डीपी सगळ्यांत शेवटी, चार तरी वाजतील. मग जनरेटर पाहून हसला.

"नीट जोडा बरं भाऊ. न्हाईतर माझा धुळाजी करताल."

सुभद्राबाई तांब्या घ्यायला हात पुढं करून उभी होती. "काय म्हन्ला?" तिनं विचारलं.

आदिनाथला वाटलं म्हातारीला गंमत कळली नाही. त्यानं खुलासा केला. सेक्शनमध्ये तशी बोलायचीच रीत आहे काकू. कुणी लाईन बंदचं परमिट घ्यायला विसरला, कुणी फ्यूज न काढता वर चढला, की म्हणायचं, धुळाजी केलास का बे. होता म्हणे कुणी जुना लाईनमन. किटकॅट न काढताच पोलावर चढला आणि चिकटला. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

तो सायकलवर टांग टाकून निघून गेला. तांब्या सुभद्राबाईच्या हातात राहिला. तिनं अनिलकडं पाहिलं, तर अनिल जनरेटरच्या टाकीचं झाकण उघडून आत बघत होता.

"तुला ठावं होतं," ती म्हणाली.

अनिल म्हणाला, "काकू, लोक बोलतेत. कुनाकुनाचं तोंड धरू?"

सुभद्राबाईला मूलबाळ नव्हतं. अनिल दहा वर्षांचा असताना धुळाजीनं त्याला दत्तक घेतलं होतं, रीतसर कागद करून. त्याच कागदावर धुळाजीच्या जागी त्याला नोकरी लागली. म्हणजे सेक्शनमध्ये रोज ज्याच्या नावानं हसतात, त्याच्याच नावावर हा पगार घेत होता, आणि चारचौघांत 'तो माझा बाप होता' एवढंही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. सुभद्राबाईला रडू आलं नाही, संताप आला. तो तिनं गिळला. आतून सिंधुबाई खोकत होत्या, आणि त्यांच्या पाठीला तेल लावायची वेळ झाली होती.

पाठ चोळता चोळता ती म्हणाली, "अक्का, मानूस गेला तं गेला. त्याच्या नावाची शिवी का करावी लोकांनी?" सिंधुबाईंनी डोळे मिटून घेतले. सुभद्राबाईला वाटलं, दम लागला असेल.

बाराला पाच मिनिटं असताना पंखा थांबला. गावभर एक हळहळ उठली आणि विरली. मग कधी ऐकू न येणारे आवाज ऐकू यायला लागले, कुणाच्या तरी शेळीचे, हापशावरच्या भांड्यांचे. इन्व्हर्टरनं मशीन उचलून धरली.

अनिल दोन तास झोपला. तो उठला तोवर इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला होता, बॅटरी जुनी होती म्हणून अपेक्षेच्या आधीच. सिंधुबाईंच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा शहाऐंशी. दीपमालानं बाहेर येऊन एवढंच सांगितलं, की आता वाद नकोत.

अनिलनं उलटी पिन तयारच ठेवली होती. जनरेटर ओट्यावर ओढला, पिन सॉकेटमध्ये घातली आणि दोरीला हात लावला. जालिंदर मध्ये येऊन उभा राहिला. पासष्टीचा माणूस, पण त्यानं अनिलचं मनगट असं धरलं की अनिलला लहानपण आठवलं.

"सोडा, आण्णा. माय मरायली तिकडं."

"लाईनीवर मानूस आसंल."

"चार वाजता येनार हाय तो. आदुगर शाळा."

"तरी बी न्हाई."

"कावून पन? एक कारन सांगा ना."

कारण सांगायचं सोडून जालिंदर नुसता मनगट धरून उभा. दीपमालाला त्या घडीला सासऱ्याचा एवढा राग आला की हा माणूस बायकोच्या जिवावर उठलाय, असंच तिला वाटलं. आणि सुभद्राबाई, जी कधी या बाप-लेकांच्या मध्ये पडली नव्हती, ती आज अनिलच्या बाजूनं बोलली. सोडा भाऊजी त्याला, ती म्हणाली. ह्यांच्यासारखा बेफिकीर न्हाई तो. बगून करंल.

ह्यांच्यासारखा. ते ऐकून जालिंदरची पकड सैल झाली.

दीपमाला तोवर माळ्याकडं गेली होती. सकाळी मामा वर कशाला बघत होते, हे आता तिच्या ध्यानात आलं. स्टुलावर चढून तिनं पिशवी ओढली, आणि जालिंदर "न्हाई, ती नको" म्हणेपर्यंत ती ओट्यावर उपडी केली. पक्कड, टेस्टर, रबराचे हातमोजे, आणि काळ्या वायरीचं एक भलंमोठं भेंडोळं.

"वायर हाय की हितं!" ती म्हणाली. "सकाळधरनं वायर हाय घरात आन् तुमी..."

भेंडोळ्यातून एक कापडी पिशवी घरंगळली आणि फरशीवर चिनीमाती वाजली. निळं कापड, वर नाडी. सुभद्राबाई चार पावलं चालत आली, खाली बसली आणि तिनं नाडी सोडली. आत तीन पांढरी किटकॅट होती.

पिशवी तिनं स्वतः शिवली होती, लग्नातल्या निळ्या पोलक्याची. धुळाजीची एक सवय होती. कामाला चढण्याआधी तिन्ही किटकॅट काढायची आणि खिशात ठेवायची, म्हणजे कुणी येडा येऊन लावू नये. खिशात ती एकमेकांवर आपटून फुटायची, म्हणून ही पिशवी. तो गेला तेव्हा त्याचे कपडे आले, घड्याळ आलं, चप्पल आली. पिशवी आली नाही. तिनं जालिंदरला तेव्हा दोनदा विचारलं होतं. त्यानं सांगितलं, त्या दिवशी नेलीच नसंल.

"तिन्ही हायेत," ती म्हणाली. बोटानं परत मोजली. "तिन्ही काढली होती की त्यांनी."

अनिलला किटकॅटचा हिशोब कुणी समजावायची गरज नव्हती. तिन्ही काढलेली असतील तर डीपीकडून करंट येऊच शकत नाही. मग तो कुठून आला? त्याची नजर सॉकेटमधल्या पिनेवर गेली. ही पिन करायला त्याला जालिंदरनंच शिकवलं होतं.

जालिंदर ओट्यावर बसला. त्यानं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याचा आवाज एखाद्या साहेबाला रिपोर्ट द्यावा तसा कोरडा होता. गावातल्या मोहनरावांच्या पोरीची हळद होती. लोडशेडिंगचे दिवस. वाड्यावर जनरेटर आणला होता, आणि वरकमाई म्हणून यानं उलटी पिन करून दिली. मेन पाडून ठेवा, एवढं सांगून आला. संध्याकाळी वळवाचा वारा सुटला, तार तुटली, धुळाजी जोडायला चढला. तुटक्या तारेच्या त्या तुकड्यावर पाचच घरं होती, त्यातलं एक मोहनरावांचं. कुणीतरी पाडलेला मेन परत उचलला, आणि जनरेटरचा करंट धुळाजीच्या तारेवर चढला.

"मला निरोप आला तवा डीपी वाटंतच होती. पेटी उघडी, तिन्ही जागा रिकाम्या. तितंच कळलं मला," जालिंदर म्हणाला. "माझ्या बॅगेतली तीन बसवली अन् मंग शाळेकडं गेलो. तितं वरांड्यात ठेवला होता त्याला. खिशातून पिशवी काढून घेतली. साहेब आले तवा बोललो, काढायची इसरला आसंल."

इन्व्हर्टरचं टूं टूं आता लांबट झालं होतं.

"फेकून का न्हाई दिली?" सुभद्राबाईनं विचारलं.

"झालं न्हाई."

सुभद्राबाई उठली आणि आतल्या खोलीच्या दारात गेली. सिंधुबाई खाटेवर जाग्या होत्या, सगळं ऐकत होत्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, आणि सुभद्राबाईला कळलं की सकाळी दम लागला नव्हता. जिच्या पाठीला रोज तेल लावलं, तिला एकोणीस वर्षं माहीत होतं.

त्या दारात ती किती वेळ उभी राहिली ते दीपमालाला नंतर सांगता आलं नाही. यंत्रावरचा आकडा ब्याऐंशी झालेला तिला दिसत होता, आणि काकूला वळवायची हिंमत होत नव्हती. शेवटी सुभद्राबाईच वळली. वायरीचं भेंडोळं तिनं पायानं अनिलकडं ढकललं.

"वड मशीनपत्तर. नुस्ती मशीन. घराला न्हाई."

अनिलनं सॉकेटमधली पिन उपटली, पकडीनं तोडली आणि वायर नीट जोडून आत ओढली. टेप दीपमालानं लावली. दोरीच्या तिसऱ्या झटक्याला जनरेटर सुरू झाला. आत मशीननं घरघर धरली.

तेवढ्यात घरामागच्या लिंबाकडून आदिनाथ चालत आला. खांद्यावर दोर, ढोपरं खरचटलेली. शाळेकडच्या डीपीच्या पेटीत गांधीलमाशांचं पोळं निघालं, म्हणून तुमचीच आधी घेतली, असं त्यानं सांगितलं. दीड वाजल्यापासून तुमच्या मागच्याच पोलावर आहे, दोन तारा जोडणारा जंपर सैल झाला होता तो बांधत होतो, एवढा वेळ लाईन बंद मिळते कुठं, म्हणून सावकाशच केलं. मग त्यानं खिशातून तीन किटकॅट काढून दाखवली आणि पाणी मागितलं.

अनिलनं ओट्यावर पडलेल्या तोडक्या पिनेकडं पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी दोरी त्याच्या हातात होती.

पाणी सुभद्राबाईनंच दिलं. आदिनाथ पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग निळी पिशवी तिनं त्याच्यासमोर ओट्यावर ठेवली आणि जालिंदरला म्हणाली, "सांगा ह्याला. मगाशी आमाला सांगितलं तसं."

जालिंदरनं मान वर केली. पोरासमोर नको, असं त्याला म्हणायचं असावं. खात्याला लिहून देतो सुभद्रा, तो म्हणाला, उद्याच लिहितो.

"खात्याला लिवा, न्हाईतर नका लिवू. खात्याचे कॉम्प्युटर बंद हायेत," ती म्हणाली. "ह्याला आत्ता सांगा. सेक्शनमधी हेच बोलतेत."

जालिंदरनं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. हळद, पिन, रिकामी पेटी, आपली तीन किटकॅट. या वेळी आवाज कोरडा राहिला नाही. आदिनाथ आधी नुसता ऐकत होता. धुळाजीचं नाव आलं तसा तो उठून उभा राहिला आणि सुभद्राबाईकडं, मग अनिलकडं पाहायला लागला. चार महिन्यांत अनिलसमोर आपण ते किती वेळा बोललो असू, हे तो मनात मोजत असावा.

"माझा बाप होता तो," अनिल म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, आणि आता त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

आदिनाथनं माफी मागायचा प्रयत्न केला. काकू, मला ठाऊक नव्हतं, परत तोंडातून काढणार नाही, सगळ्यांना सांगतो. सुभद्राबाई पिशवीची नाडी आवळत होती. तिन्ही किटकॅट आत घालून तिनं ती कमरेला खोचली.

"काढ की. काढायचं कावून न्हाई? नव्या पोरांना शिकवाया लागतंच काही तरी," ती म्हणाली. "मानूस तिन्ही काढून, खिशात घालून वर चढला, की म्हना धुळाजी केलं."

मग तिनं ओट्यावर बसलेल्या दिराकडं बोट केलं.

"आन् घरात बसून कुनी मारलं, तर त्याला जालिंदर म्हना."

आदिनाथ गेला. पेट्रोल किती तास पुरेल ते दीपमाला कॅन हलवून पाहत होती. सुभद्राबाई आत गेली, सिंधुबाईंच्या नाकावरची नळी सरकली होती ती तिनं नीट बसवली, आणि तेलाची वाटी खाटेखालून काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.